विटांचा हिशेब

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या दक्षिण भागात मिसिसिपी नावाचे राज्य आहे. त्या राज्यात फॉरेस्ट हे एक छोटे गाव आहे. फॉरेस्ट म्हणजे अरण्य. नाव अरण्याचे असले, तरी गाव मात्र माणसांचे. लहान गावात असते तशी तेथेही प्रत्येकाची प्रत्येकाशी ओळख. त्या गावात एक आख्यायिका पुष्कळ वर्षे सांगितली जात असे. गावच्या हायस्कुलात एक मुलगा होता. तो बोले थोडे, मिसळे त्याहूनही थोडे. पण आकड्यांवर त्याचे विलक्षण प्रभुत्व होते. एकदा काही मुलांनी शाळेच्या इमारतीकडे बोट दाखवून त्याला विचारले, की या दर्शनी भिंतीत विटा किती असतील? त्याने भिंतीकडे एक दृष्टिक्षेप टाकला आणि क्षणाचाही विलंब न लावता एक संख्या सांगून टाकली. मुले थक्क झाली. ही वार्ता शाळेतून घरोघरी गेली, घरांतून बाजारपेठेत गेली आणि पुढच्या पिढीपर्यंत जाऊन पोहोचली.

त्या मुलाचे नाव डोनाल्ड ट्रिपलेट. विटांच्या त्या हिशेबामागचे गुपित त्याने फार उशिरा, वार्धक्यात उघड केले. ते समजून घ्यावयाचे, तर आधी त्याच्या बाळपणाकडे वळले पाहिजे.

डोनाल्डचा जन्म ८ सप्टेंबर १९३३ रोजी झाला. वडील वकील होते. आईच्या माहेरची गावात बँक होती. घरात कशाचीही उणीव नव्हती. मूल देखणे आणि स्मरणशक्तीने असामान्य होते. बोलू लागल्यावर थोड्याच अवधीत त्याला शंभरपर्यंत अंक म्हणता येऊ लागले, धर्मग्रंथातील एक स्तोत्र मुखोद्गत झाले, राष्ट्राध्यक्षांची चित्रे पाहून तो त्यांची नावे सांगू लागला. परंतु आईवडिलांच्या मनात एक शल्य सलत होते. वडील कामावरून घरी आले, तरी मुलाच्या मुद्रेवर आनंदाची रेषा उमटत नसे. हाक मारली तरी तो क्वचितच जवळ येई. नाताळच्या दिवसांत सांताक्लॉज आपल्या पूर्ण थाटात समोर येऊन उभा राहिला, तेव्हा त्याच्याकडेही त्याने ढुंकून पाहिले नाही. तवे, ठोकळे, जे हाती लागेल ते जमिनीवर गरगर फिरवीत बसावे, यातच त्याला परमानंद होता. त्यात कोणी व्यत्यय आणला, की त्याचा क्रोध अनावर होई.

इतर मुलांत तो रमावा, म्हणून वडिलांनी अंगणात एक घसरगुंडी आणून उभी केली. शेजारची मुले जमली, खेळ रंगात आला. डोनाल्ड मात्र जवळ फिरकेना. त्याला उचलून वर बसविले, तेव्हा तो भीतीने गारठून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात कोणी नव्हते. मुलगा घरातून एकटाच बाहेर आला, शिडी चढला आणि घसरत खाली आला. त्यानंतर तो वारंवार घसरगुंडी खेळू लागला. पण दुसरे एकही मूल तेथे नसेल, तेव्हाच. याचा अर्थ काय असावा? त्याला खेळ नको होता, असे म्हणता येत नाही. खेळ त्याला हवाच होता. त्याभोवतीचा गलबला, ढकलाढकली आणि कोण केव्हा काय करील याची अनिश्चितता मात्र त्याला सोसत नसावी. ही गोष्ट त्या वेळी कोणाच्या ध्यानात आली नाही.

ऑगस्ट १९३७ मध्ये, वयाची चार वर्षेही पुरी झालेली नसताना, डोनाल्डला घरापासून दूर एका आरोग्यगृहात ठेवण्यात आले. क्षयाचा धोका असलेल्या मुलांसाठी ते आरोग्यगृह होते. हवापालट झाल्याने मूल सुधारेल, अशी आशा होती. आईवडिलांना महिन्यातून दोनदाच त्याला भेटता येई. तेथे त्याचे वजन वाढले. पण इतर मुलांशी तो खेळला नाही, आणि मान सारखी या बाजूकडून त्या बाजूकडे हलवीत राहण्याची त्याला सवय जडली. वर्षभराने आईवडिलांचा धीर सुटला आणि ते त्याला परत न्यावयास गेले. मुलाचे येथे ठीक चालले आहे, त्याला असेच राहू द्यावे, असा सल्ला तेथील प्रमुखांनी दिला. त्याच्या प्रकृतीचा अहवाल मागितला, तेव्हा त्यांनी जो लिहून दिला, तो अर्ध्या पानाचाही नव्हता. आईवडिलांनी सल्ला मानला नाही. ते मुलाला घरी घेऊन आले.

त्याच वर्षी, म्हणजे १९३८ मध्ये, वडिलांनी बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील बालमनोरोगतज्ज्ञ डॉक्टर लिओ कॅनर यांना एक पत्र लिहिले. ते ३३ पानांचे होते. घसरगुंडीचा प्रसंगही त्यात होता. जे मूल एका संस्थेला अर्ध्या पानात आटोपता आले, त्याच्याविषयी बापाला ३३ पाने भरून सांगावयाचे होते. डॉक्टर कॅनर यांनी मुलाला तपासले. पुढे त्याच्यासारखी आणखी मुले त्यांच्या पाहण्यात आली. १९४३ मध्ये त्यांनी अशा ११ मुलांचे वर्णन करणारा निबंध प्रसिद्ध केला, आणि त्यात पहिला क्रमांक डोनाल्डचा होता. या मुलांच्या अवस्थेसाठी त्यांनी जो शब्द योजिला, त्याचा मराठी पर्याय 'स्वमग्नता' हा आहे.

स्वतःत मग्न असलेला तो स्वमग्न. शब्द सुटसुटीत आहे; परंतु त्यामुळे एक गैरसमजही होतो. अशा मुलाला माणसे नकोच असतात, त्याला एकटे सोडले म्हणजे तो सुखी होतो, असे ऐकणाऱ्यास वाटते. आईवडिलांनी माया केली नाही म्हणून मूल असे झाले, असेही मध्यंतरी कित्येक वर्षे विद्वानांनी मानले आणि अनेक मातांना विनाकारण अपराधी ठरविले. आज हे दोन्ही समज टिकलेले नाहीत. मेंदूची जडणघडणच जन्मापूर्वीपासून निराळ्या रीतीने होत असते, आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, हे आता ज्ञात आहे. माणसांचे चेहरे जसे एकासारखे एक नसतात, तशीच मेंदूंची घडणही एकसारखी नसते. कोणाचे लक्ष क्षणभरही एका जागी ठरत नाही, कोणाच्या डोळ्यांपुढे अक्षरे हटवादीपणा करतात, कोणाला माणसांच्या मुद्रा वाचता येत नाहीत. ही सारी एकाच वर्गात बसणारी मुले होत, आणि मित्राची ओढ त्या सर्वांना असू शकते.

डोनाल्ड नऊ वर्षांचा होण्याच्या सुमारास त्याला गावाबाहेर काही मैलांवर राहणाऱ्या एका शेतकरी दांपत्याकडे ठेवण्यात आले. त्या दांपत्याला मूलबाळ नव्हते. मानसशास्त्राची पुस्तके त्यांनी वाचली नसतील. पण माणूस वाचण्याची कला त्यांना अवगत होती. डोनाल्डला त्या वेळी जे दिसेल ते मोजण्यामापण्याचा ध्यास लागला होता. त्यांनी त्याला दटावले नाही. त्यांनी त्याला एक विहीर खणावयास लावली आणि ती किती खोल झाली, हे वेळोवेळी सांगण्याचे काम त्याच्याकडे सोपविले. शेतातील मक्याच्या ओळी तो पुन्हा पुन्हा मोजीत राही, तेव्हा हाती नांगर देऊन, नांगरता नांगरता त्या मोजावयास सांगितले. मेलेले पक्षी आणि किडे गोळा करण्याचा त्याला नाद लागला. त्या दोघांनी त्यांच्यासाठी जागा नेमून दिली. डोनाल्ड तेथे प्रत्येक जिवाची पाटी लावी. पाटीवर आधी एखादे नाव, मधे त्या प्राण्याची जात आणि शेवटी त्या शेतकऱ्याचे आडनाव! एका गोगलगायीलाही हा मान मिळाला होता. ज्या मुलाला कोणाशीच नाते जोडता येत नाही असे मानले जात होते, त्याने त्या शेतकऱ्याला गोगलगायीपर्यंतच्या साऱ्या जीवसृष्टीचा कुटुंबप्रमुख करून टाकले.

मे १९४५ मध्ये डॉक्टर कॅनर त्याला पाहावयास त्या शेतावर गेले. डोनाल्डने त्यांच्यासमोर सहा लांब तासे नांगरून दाखविली. घोडा वळविताना त्याचा हात जराही चुकला नाही. त्या दांपत्याचे शहाणपण पाहून डॉक्टर चकित झाले. त्यांनी नमूद केले, की या दोघांचे मुलावर प्रेम आहे आणि त्यांच्या वागण्यात सौम्य दृढताही आहे. जवळच्या खेड्यातील शाळेत तो जाई. तेथे त्याच्या लकबींसह त्याला सामावून घेतले होते.

पुढे डोनाल्ड घरी परतला आणि गावच्या हायस्कुलात जाऊ लागला. त्याचे वागणे चारचौघांसारखे झाले होते, असे मुळीच नाही. भेटलेल्या माणसाला तो एक क्रमांक देऊन टाकी, आणि तो क्रमांक वर्षानुवर्षे विसरत नसे. एका प्रयोगकाराने त्याला ८७ ला २३ ने गुणावयास सांगितले, तेव्हा त्याने डोळे मिटून तत्काळ २००१ हे उत्तर दिले. कोणी त्याची थट्टाही केली असेल. परंतु एकंदरीत सोबती त्याच्या बुद्धीकडे कौतुकाने पाहत. क्रमांक मिळालेली माणसे तो क्रमांक हसून सांगत आणि मिरवीत. १९५३ मध्ये तो शाळेतून उत्तीर्ण झाला, महाविद्यालयात गेला आणि १९५८ मध्ये फ्रेंच भाषेची पदवी घेऊन बाहेर पडला.

महाविद्यालयातील एका मित्राची गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. डोनाल्डचे बोलणे अगदी तुटक असे. ते थोडे रसाळ व्हावे, म्हणून हा मित्र त्याच्याकडून साध्या होकारातही जरा उत्साह ओतून घेण्याचा प्रयत्न करी. त्याने डोनाल्डला नदीवर नेऊन पोहावयास शिकविण्याचाही खटाटोप केला. दोन्ही प्रयत्न फसले. डोनाल्डचे बोलणे तुटकच राहिले आणि हातापायांचा मेळ बसेना म्हणून पोहणेही जमले नाही. पण मित्राने मैत्री सोडली नाही. शिकवणी फसली तरी मैत्री टिकते, हे ज्याला कळले, तोच खरा शिक्षक म्हणावा लागेल. कारण मित्राला आपल्यासारखे करून सोडणे हा मैत्रीचा हेतू कधीच नसतो.

पदवीनंतर डोनाल्ड गावी आला आणि घरच्या बँकेत नोकरी करू लागला. तेविसाव्या वर्षी तो गोल्फ खेळू लागला आणि सत्ताविसाव्या वर्षी मोटार चालवू लागला. छत्तीस वर्षांचा झाल्यावर त्याला जग पाहण्याची इच्छा झाली. त्याने एकट्याने प्रवास करून सुमारे ३६ देश पाहिले. आईवडील गेल्यावरही तो एकाकी पडला नाही. २०१० मध्ये दोन अमेरिकन पत्रकारांनी त्याच्याविषयी लेख लिहिला. त्यासाठी ते गावात चौकशी करीत फिरत असता, तीन निरनिराळ्या माणसांनी तीन निरनिराळ्या वेळी त्यांना जवळजवळ एकाच भाषेत बजावले, की तुमच्या लिहिण्याने आमच्या डॉनला दुखापत झाली, तर तुम्हांला कोठे गाठावयाचे, हे आम्हांला ठाऊक आहे! सारे गाव त्याचा पाठीराखा झाले होते.

या सुरेख चित्राला एक काळी कडाही आहे, आणि ती झाकून ठेवणे सत्याला धरून होणार नाही. डोनाल्ड धनवान आणि प्रतिष्ठित घरातला गोरा मुलगा होता. त्या काळी मिसिसिपी राज्यात गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या शाळा वेगळ्या होत्या. त्याच सुमारास एखाद्या गरीब, काळ्या कुटुंबात असाच मुलगा जन्मला असता, तर त्याच्यासाठी ३३ पानांचे पत्र बाल्टिमोरला गेले असते का, आणि गाव त्याच्या पाठीशी असे उभे राहिले असते का? उत्तर सांगावयास नको. म्हणूनच डोनाल्डला जे भाग्याने लाभले, ते प्रत्येक मुलाला हक्काने मिळावे, असा विचार पुढे जगभर रुजू लागला. भारतात दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा जो कायदा २०१६ मध्ये संमत झाला, त्यात स्वमग्नतेचा आणि अक्षरज्ञानातील विशिष्ट अडचणींचा समावेश करण्यात आला, आणि अशा मुलांनी इतरांबरोबर शिकावे, हे तत्त्व त्याने मान्य केले. तथापि कायद्याची पोच वर्गातील बाकापर्यंत असते. त्या बाकावर शेजारी येऊन बसणारा मित्र कायद्याला पुरविता येत नाही. तो वर्गातूनच यावा लागतो.

तो कसा येतो? पूर्वी असे समजत, की स्वमग्न मुलाला चार लोकांत वागण्याचे धडे दिले, म्हणजे काम संपले. नमस्कार कसा करावा, पाळी येईपर्यंत कसे थांबावे, दुसऱ्याचे ऐकून कसे घ्यावे, हे धडे उपयोगी आहेत यात शंका नाही. परंतु डेमियन मिल्टन या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने, जो स्वतः स्वमग्न आहे, २०१२ मध्ये एक मार्मिक मुद्दा मांडला. स्वमग्न माणसाला इतरांचे मन कळत नाही, असे सगळे म्हणतात. पण इतरांना तरी स्वमग्न माणसाचे मन कोठे कळते? दरी दोन्ही काठांची आहे. मग पूल एकट्यानेच का बांधावा?

एडिंबरो येथील संशोधकांनी तर याची एका खेळातून परीक्षाच घेतली. मराठी मुले कानगोष्टींचा खेळ खेळतात; एकाने दुसऱ्याला सांगावयाचे, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि शेवटी मूळ गोष्टीचे काय उरले ते पाहावयाचे. तशीच एक गोष्ट त्यांनी माणसांच्या साखळीतून पुढे पाठविली. काही साखळ्या केवळ स्वमग्न माणसांच्या होत्या, काही इतरांच्या, तर काही मिश्र. एकूण ३११ जणांनी त्यात भाग घेतला. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की गोष्ट पोहोचविण्यात कोणतीच साखळी दुसरीहून कमी ठरली नाही. स्वमग्न माणसाला सांगताही येते आणि ऐकताही येते. फक्त त्याची रीत निराळी असते.

ही रीत ओळखणे फारसे अवघड नाही. मधल्या सुट्टीत पकडापकडीचा डाव मांडला जातो आणि कोणीतरी ओरडते, "आता तुझ्यावर राज्य!" शब्दांचा सरळ अर्थ घेणाऱ्या मुलापुढे प्रश्न उभा राहतो, की राज्य आले म्हणजे काय आले? सिंहासन कोठे आहे? तो जागीच उभा राहतो, आणि इतरांना वाटते, याला खेळावयाचेच नाही. त्याला एवढेच सांगावयाचे असते, की आता तू पळून आम्हांपैकी एकाला शिवावयाचे, आणि ज्याला शिवशील त्याने पुढे तेच करावयाचे. इतके एक वाक्य खर्च केले, की एक गडी वाढतो. प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी त्याला थोडा अवधी द्यावा. तो नजरेला नजर देत नाही, म्हणून तो ऐकत नाही असे समजू नये. डाव किंवा जागा बदलावयाची असेल, तर आधी सांगावे. कल्लोळ असह्य होऊन तो कानांवर हात ठेवील, तर हसू नये. त्याला शांत कोपरा दाखवावा आणि परत येण्याची वाट मोकळी ठेवावी. त्याला आगगाड्यांची वेळापत्रके पाठ असतील, तर सहलीचे वेळापत्रक त्याच्याकडे सोपवावे. हे शेवटचे शहाणपण त्या शेतकरी दांपत्याचेच आहे. मुलाचा छंद हा त्याच्या घराचा दरवाजा असतो. आत जावयाचे, तर भिंतीवर धडका न देता दरवाजाच ठोठावावा.

आणि हे केवळ त्याच्यावर उपकार म्हणून करावयाचे नाही. जो मुलगा खेळाचा नियम दुसऱ्याला नीट समजावून सांगतो, त्याला तो नियम स्वतःलाही प्रथमच नीट कळतो. जो उत्तराची वाट पाहावयास शिकतो, तो पुढे आयुष्यभर चांगला श्रोता होतो. मैत्रीची शाळा दोघांचीही असते, आणि तिच्यात दोघेही एकाच इयत्तेत बसतात.

आता विटांच्या हिशेबाकडे वळावयास हरकत नाही. त्या दोन पत्रकारांनी वृद्ध झालेल्या डोनाल्ड ट्रिपलेट यांना विचारले, की शाळेच्या भिंतीतील विटा एका दृष्टिक्षेपात मोजल्या तरी कशा? त्यांनी सरळपणे सांगून टाकले, की विटा मोजल्याच नव्हत्या. संख्या मनानेच ठोकून दिली होती. मग असे का केले? त्या मुलांचे आपल्याविषयी चांगले मत व्हावे, एवढीच आपली इच्छा होती, असे त्यांचे उत्तर होते.

ज्याने सांताक्लॉजकडे पाहिले नाही, मुले जमली की घसरगुंडीजवळ जो फिरकला नाही, ज्याच्या अवस्थेला 'स्वमग्न' हा शब्द मिळाला, त्या मुलाच्या मनात इतके दिवस ही इच्छा दडून होती. वर्गातील कोणत्याही मुलाच्या मनात असते, तीच. जवळ यावयाची वाट त्याला ठाऊक नव्हती, म्हणून जी एक वस्तू आपल्यापाशी आहे, ती त्याने पुढे केली. ती वस्तू म्हणजे एक आकडा. आकडा खोटा होता, पण पुढे केलेला हात खरा होता. आणि त्या गावातील मुलांचे मोठेपण हे, की त्यांनी विटा मोजीत बसण्याऐवजी तो हात धरला.

१५ जून २०२३ रोजी वयाच्या ८९ व्या वर्षी डोनाल्ड ट्रिपलेट यांचे फॉरेस्ट येथे निधन झाले. ज्या गावात त्यांनी अनेकांना क्रमांक वाटले, त्याच गावाने त्यांना अखेरपर्यंत नावाने हाक मारली.